भिंतीला घाम येऊ द्या: जुनी वास्तू जपायची म्हणजे नेमकं काय करायचं

माझ्या आत्याचं घर सोलापूरच्या शुक्रवार पेठेत आहे. दगडी जोतं, त्यावर दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती, मधे लहानसा चौक आणि मागच्या भागावर अजून माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर. पंधराएक वर्षांपूर्वी माजघराच्या भिंतीचा चुना जमिनीलगत सुटायला लागला, तेव्हा घरातल्या सगळ्यांनी मिळून ठरवलं की एकदाचं सिमेंटचं प्लास्टर करून टाकू. प्लास्टर झालं, त्यावर ऑइलपेंट दिला. दोन वर्षं भिंत छान दिसली. तिसऱ्या पावसाळ्यानंतर ओल परत आली. पूर्वी ती गुडघ्यापर्यंत होती, आता कमरेपर्यंत चढली. पुढे भिंतीवर बोटानं टकटक केलं तर आत पोकळ वाजायला लागलं, आणि एका उन्हाळ्यात परातीएवढा पापुद्रा आतल्या विटांची भुकटी सोबत घेऊन खाली आला.

त्यानंतर कोणाच्या तरी ओळखीनं अक्कलकोटकडचे एक म्हातारे मिस्त्री आले. चुन्याची कामं करण्यात त्यांचा जन्म गेलेला. त्यांनी भिंत खरवडली, भुकटी बोटांवर चोळून पाहिली आणि ओल जिथवर चढली होती तिथे पेन्सिलीनं एक आडवी रेघ ओढून तारीख घातली. मग आत्याला म्हणाले, "आक्का, भिंत पाणी पिणारच की. जमिनीतनं पिणार, पावसातनं पिणार. पिलेलं पाणी घामावाटं जाऊ द्यायचं असतंय. तुम्ही तिचा घामच बंद केलाय."

जुन्या इमारतींच्या जतनाबद्दल मी त्यानंतर पुष्कळ वाचलं, या क्षेत्रात काम करणाऱ्यांशी बोललो, पडझड झालेले आणि दुरुस्त झालेले वाडे पाहत हिंडलो. पण त्या एका वाक्यापाशी मी पुन्हा पुन्हा येतो. वास्तू जपणं म्हणजे तिला नवी दिसायला लावणं नव्हे. ती कशी काम करते हे आधी समजून घ्यायचं आणि तिचं ते काम चालू राहील अशी व्यवस्था करायची.

नवी इमारत पाणी बाहेर ठेवून टिकते. सिमेंट, काँक्रीट, वॉटरप्रूफिंग या सगळ्यांचा हेतू एकच, की पाणी आत येता कामा नये. जुन्या भिंतीचा हिशोब वेगळा आहे. पाणी येणार हे तिनं गृहीत धरलेलं असतं. जमिनीतली ओल विटांच्या आणि मातीच्या बारीक छिद्रांतून वर चढते, कंदिलाच्या वातीतून रॉकेल चढावं तशी. जुनं जोतं काळ्या पाषाणाचं असतं आणि तो दगड फारसं पाणी पीत नाही, पण दगडांमधले सांधे पितात. चढलेली ओल भिंतीच्या दोन्ही अंगांनी हवेत उडून जाते. चुन्याचा गिलावा सच्छिद्र असल्यामुळे हे जमतं. जेवढं पाणी चढतं तेवढंच उडतं, म्हणून ओल एका उंचीवर थांबून राहते.

त्या भिंतीवर सिमेंटचा थर आणि वर ऑइलपेंट चढवला की उडण्याची वाट बंद होते. पाणी चढायचं काही थांबत नाही. मग ते बाहेर पडायला जागा मिळेपर्यंत आणखी वर जातं. आमची ओल गुडघ्यावरून कमरेला गेली ती यामुळेच.

दुसरी गोष्ट मिठाची. जमिनीतलं पाणी सोबत क्षार आणतं. पाणी उडालं की क्षार मागे राहतात आणि त्यांचे स्फटिक होतात. भिंतीवर पांढरी, खारट पूड दिसते, तिला आपण लोणा लागला म्हणतो. स्फटिक वाढताना आजूबाजूच्या कणांना रेटतो आणि तो रेटा वीट फोडण्याइतका असतो. गिलावा चुन्याचा असेल तर हे फुटणं गिलाव्यात होतं. तो झडतो, दहा-वीस वर्षांनी नवा करायचा, भिंतीला काही होत नाही. बाहेर सिमेंट असेल तर स्फटिक त्याच्या मागे, विटेतच तयार होतात. गिलाव्यानं झिजायचं आणि भिंतीनं राहायचं, असा जुन्या गवंड्यांचा करार होता. आपण तो उलटा केला.

तिसरी गोष्ट हालचालीची. इमारत हलत असते हे ऐकून अनेकांना नवल वाटतं. सोलापुरात मे महिन्यात पारा चाळिशीच्या बराच पुढे जातो आणि पहाटे तीच भिंत गार पडते. पायाखाली काळी माती असेल तर ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. जुनी भिंत हे सगळं सोसते, कारण ती गोधडीसारखी आहे. तुकडे पुष्कळ आणि टाके मऊ. हालचाल सगळ्या सांध्यांत थोडी थोडी वाटली जाते. सिमेंट कडक असतं, ते वाटून घेत नाही, एका जागी तडकतं. केसाएवढ्या त्या तड्यातून पाणी आत शिरतं आणि पुन्हा बाहेर पडत नाही. चुन्याला मात्र बारीक तडा गेला तर भिंतीतला मोकळा चुना पाण्यात थोडा विरघळून त्या तड्यात पुन्हा जमतो. जखम भरावी तसा तडा भरतो. खूप मोठा तडा भरत नाही, पण केसाएवढे तडे भरतात.

सिमेंट वाईट आहे असं मला म्हणायचं नाही. मी स्वतः काँक्रीटच्या फ्लॅटमध्ये राहतो. पण गोधडीला पत्र्याचं ठिगळ लावत नाहीत.

चुन्याची गोष्ट थोडी सविस्तर सांगतो, कारण ती समजली की जतनातलं अर्धं शास्त्र समजलं. चुनखडीचा दगड भट्टीत साधारण ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवला की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी ओतलं की तो उकळतो, फुटतो, विरतो. विरवलेला चुना पाण्याखाली जितका जास्त दिवस ठेवाल तितका तो लोण्यासारखा होतो. पुढे वाळू किंवा भाजलेल्या विटेची पूड, म्हणजे सुरखी, घालून चुन्याच्या घाण्यात मळायचा. बैलानं फिरवलेल्या दगडी चाकाखाली तासन् तास. कुठे गुळाचं पाणी, कुठे बेलफळाचा गर, कुठे हिरडा, मेथी, उडीद. प्रत्येक गावाची आणि प्रत्येक घराण्याची रीत वेगळी. भिंतीवर बसल्यावर हा चुना हळूहळू हवेतला कार्बन डायऑक्साइड परत ओढून घेतो आणि पुन्हा चुनखडीचा दगड होतो. याला महिने लागतात, जाड भिंतीच्या पोटात तर वर्षं.

या "हळूहळू"चीच आज अडचण होते. चुन्याचा थर पातळ द्यावा लागतो, दोन थरांत वेळ जाऊ द्यावा लागतो, कोवळ्या थराला कडक ऊन लागू द्यायचं नसतं, तो ओला ठेवायचा. आपल्याकडे मे महिन्यात हे काम काढणं म्हणजे पैसे वाया घालवणं. कंत्राटदार म्हणतो, थोडं सिमेंट टाकू या, लवकर सुकेल. या तडजोडीनं सच्छिद्रता जाते आणि सिमेंटची पूर्ण ताकदही मिळत नाही. दुकानात मिळणारी सफेदीच्या चुन्याची पिशवी आणून कालवली म्हणजेही चुन्याचं काम झालं असं नाही. आमच्या मिस्त्रींनी चुना विरवून टाकीत ठेवला आणि ते गावी निघून गेले. आत्याला वाटलं, माणूस पळाला. दीड महिन्यानं ते परत आले.

आता शब्दांकडे वळतो. नूतनीकरण, जीर्णोद्धार, जतन, संवर्धन हे सगळे शब्द आपण एकाच अर्थानं वापरतो आणि तिथेच घोटाळा होतो. जतन म्हणजे आहे ते आहे तसं टिकवणं, पुढची झीज थांबवणं. मोडलेलं मूळ रूपात परत आणणं ही त्यापुढची पायरी, आणि ती पुराव्याशिवाय चढायची नाही. १९६४ साली व्हेनिसमध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी जी सनद केली तिच्यात हे स्पष्ट आहे की जिथे तर्कबाजी सुरू होते तिथे पुनर्रचना थांबली पाहिजे. गेलेला सज्जा कसा होता याचा फोटो नाही, नकाशा नाही, तर "असा असेल" म्हणून कोरीव सज्जा बसवायचा नाही. ऑस्ट्रेलियातल्या बर्रा गावी १९७९ मध्ये झालेल्या सनदेनं आणखी एक सूत्र दिलं. त्याचा आशय असा की बदल गरजेपुरता करा आणि जमेल तितका कमी करा. जुनं लाकूड टोकाला कुजलं असेल तर टोक कापून नवा तुकडा जोडायचा, अख्खी तुळई फेकायची नाही.

पण या सनदा जशाच्या तशा आपल्याकडे लागू होतात असं मला वाटत नाही. आपल्याकडे जीर्णोद्धाराची परंपरा आहे आणि ती अज्ञानातून आलेली नाही. जपानमधलं इसे इथलं देवस्थान दर वीस वर्षांनी शेजारच्या जागेवर नव्यानं बांधतात, शेवटचं २०१३ मध्ये झालं. लाकूड नवं असतं, जुनी असते ती बांधण्याची विद्या. १९९४ मध्ये जपानच्याच नारा शहरात जो मसुदा झाला त्यानं मान्य केलं की "अस्सल" कशाला म्हणायचं हे प्रत्येक संस्कृतीनुसार वेगळं असू शकतं. आपलं सोलापूरचं सिद्धेश्वर मंदिर घ्या. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांची ती भूमी. तिथला वारसा केवळ दगडांत नाही. संक्रांतीला नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच मानाच्या काठ्या, ज्या रस्त्यांवरून जातात ते रस्ते, त्या काठ्या पेलण्याचा वर्षभराचा सराव, शहरात विखुरलेली अडुसष्ट लिंगं आणि त्यांची प्रदक्षिणा, हे सगळं मिळून ती वास्तू होते. ज्या चौकातून नंदीध्वज वळतो तो चौक अरुंद झाला तर देवळाची एक बाजूच गेली असं मी मानतो.

दुरुस्तीला हात लावण्याआधीचं काम सगळ्यात स्वस्त असतं आणि नेमकं तेच आपण टाळतो. घराची मापं घ्यायची, नकाशा काढायचा, प्रत्येक भिंतीचे फोटो काढायचे. तडा दिसला की लगेच भरायचा नाही. त्याच्यावर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना पक्की चिकटवायची आणि तारीख लिहायची. काही महिन्यांत काच तडकली तर तडा जिवंत आहे, भिंत अजून हलते आहे. काच शाबूत राहिली तर तो जुना, निवलेला तडा. दोघांचे उपाय अगदी वेगळे. जिवंत तडा वरवर बुजवला तर तो शेजारी फुटतो. ओलीसाठी पेन्सिलीची रेघ आहेच. एक रुपयाही लागत नाही, फक्त एक पावसाळा आणि एक उन्हाळा धीर धरावा लागतो.

आणि पाणी कुठून येतं ते शोधायचं. बऱ्याच वाड्यांत दुखणं भिंतीत नसून बुजलेल्या पन्हाळीत, फुटलेल्या मोरीत किंवा बाहेरच्या रस्त्यात असतं. रस्ता दर डांबरीकरणाला वर चढत जातो आणि घराचं जोतं जमिनीत गाडलं जातं. आमच्या घराच्या तीन पायऱ्यांपैकी आता एकच दिसते. पावसाचं पाणी पूर्वी जोत्याच्या दगडाला लागून वाहायचं, आता ते थेट वरच्या विटांना लागतं. भिंतीलगत एक उथळ चर काढून, गिट्टी भरून, पाण्याला वाट करून दिली आणि अर्धी ओल तिथेच कमी झाली.

भिंतीत उगवलेला पिंपळ किंवा उंबर हे आणखी एक नेहमीचं दुखणं. पक्ष्यांच्या विष्ठेतून बी येतं, सांध्यात रुजतं. लोक तो वरून छाटतात आणि मूळ आत आणखी जाड होतं. ओढून काढलं तर भिंत सोबत येते. रोप बोटाएवढं असतानाच मुळासकट काढायचं. मोठं झालं असेल तर बुंधा कापून मूळ आतल्या आत मारायचं, ते वाळल्यावर मोकळे झालेले दगड एकेक करून पुन्हा चुन्यात बसवायचे. कामाला वेळ लागतो, पण दुसरा मार्ग नाही.

आता एक अवघड विषय. जुन्या घरांवर माया करणाऱ्या प्रत्येकानं किल्लारीच्या भूकंपाबद्दल बोललं पाहिजे. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपल्या भागात कोणी विसरलेलं नाही. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे दहा हजार माणसं गेली, सोलापुरात लोक रात्री अंगणात झोपायला लागले. मेलेली बहुतेक माणसं दगड-मातीच्या घरांखाली गाडली गेली. त्यामुळे "जुनं घर जपा" असं म्हटलं की कोणी "आणि जीव गेला तर?" असं विचारतं. तो प्रश्न अगदी रास्त आहे. त्याला भावनेनं उत्तर देऊ नये.

जाड दगडी भिंत बाहेरून एकसंध दिसते, पण बहुतेक वेळा त्या दोन भिंती असतात. बाहेरचा थर, आतला थर, आणि मधे गोटे, कपच्या, माती. दोन्ही थरांना बांधायला अधूनमधून भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड घालावे लागतात. ते घातले नाहीत किंवा मधल्या भरावात पाणी शिरून माती वाहून गेली, तर थर सुटे होतात आणि भिंतीचं पोट फुगतं. वाड्यात शिरल्यावर मी आता सगळ्यात आधी भिंतीला गाल लावून तिच्या अंगावरून नजर टाकतो. पोट दिसलं तर ते काम पहिलं, बाकी सगळं नंतर.

वर माळवद. तुळया, त्यांवर कड्या, किलच्या, निंबाचा पाला आणि वर पांढऱ्या मातीचा थर. उन्हाळ्यात याच्याइतकं गार छप्पर नाही. पण दर पावसाळ्याआधी गळती बुजवायला आणखी थोडी माती टाकायची पद्धत आहे आणि जुनी माती कोणी काढत नाही. पिढ्यान् पिढ्या थर वाढतो. दोन फूट झालेल्या थराचा हिशोब करून पाहा. ओलसर मातीचं वजन घनमीटरला साधारण १,६०० किलो. दहा बाय बारा फुटांच्या खोलीवर ते अकरा टनांच्या आसपास जातं. माणसं ज्याखाली झोपतात त्यावर अकरा टन, आणि खाली भिंतींना एकमेकींशी बांधणारं काहीच नाही. किल्लारीत हेच झालं.

उपाय आहेत, आणि भूकंपानंतरच्या पुनर्वसनात पडझड कमी झालेल्या घरांसाठी ते वापरलेही गेले. भिंतीत ठराविक अंतरावर आरपार भोकं पाडून त्यांत सळईसह काँक्रीट भरायचं, म्हणजे नव्यानं घातलेले आरपार दगडच. छपराच्या पातळीवर चारही भिंतींना कवेत घेणारा पट्टा फिरवायचा, कोपरे शिवायचे. माळवदाची जादा माती उतरवून थर हलका करायचा. इथे सिमेंट आणि लोखंड वापरावं लागतं आणि ते वापरावं. चुना-चुना करून माणसांच्या जिवाशी खेळू नये. आमच्या मागच्या खोल्यांवरून किती माती निघाली, तर चौक दोन वेळा भरून रिकामा केला. जिल्ह्यातल्या मोठ्या जुन्या घरात राहणाऱ्या कोणीही एखाद्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला, तोही जुन्या बांधकामाचा अनुभव असलेला, एकदा बोलवावं अशी माझी कळकळीची विनंती आहे.

इथवर झालं टिकवण्याचं. पण टिकवून करायचं काय? कुलूप लावलेलं घर राहत्या घरापेक्षा लवकर पडतं, हे गावाकडे कोणीही सांगेल. कौल सरकलं तर बघणारं कोणी नसतं. व्हेनिसच्या सनदेनंही म्हटलं आहे की समाजाच्या उपयोगी पडेल असा वापर असला की वास्तू जपणं सोपं होतं, फक्त त्या वापरासाठी तिची मांडणी आणि नक्षी बदलू नये. जुन्या वास्तूला नवं काम देणं, यालाच तज्ज्ञ अनुकूल पुनर्वापर म्हणतात.

सोलापुरानं हे या शब्दाची ओळख होण्याआधीपासून केलं आहे. आप्पासाहेब वारदांनी बांधलेलं इंद्रभुवन महापालिकेचं कार्यालय झालं. भैय्या चौकातलं डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं घर आज त्यांचं स्मारक आहे. चीनमध्ये जखमी सैनिकांवर उपचार करत १९४२ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी गेलेला डॉक्टर ज्या घरात वाढला त्या घराच्या खोल्यांतून आपण फिरतो. तिथे नवी भव्य इमारत बांधली असती तर ही ओढ वाटली नसती. मुंबईत भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय महापालिका, वारसा जपणारी इंटॅक ही संस्था आणि एका खाजगी प्रतिष्ठानानं मिळून दुरुस्त केलं, २००५ मध्ये युनेस्कोनं त्या कामाचा गौरव केला. महापालिकेच्या मालकीच्या वास्तूचंही उत्तम काम होऊ शकतं, याचा तो चांगला दाखला आहे.

नवा वापर निवडताना वास्तूचा स्वभाव बघायचा. गिरण्यांचं उदाहरण देतो. १८७७ मध्ये इथली पहिली कापड गिरणी सुरू झाली, जिला लोक जुनी मिल म्हणतात. पुढे लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी, जाम मिल आल्या आणि शहर भोंग्यावर उठायला लागलं. कापड गिरणीच्या विणकाम खात्याचं छप्पर करवतीच्या दातांसारखं असतं. प्रत्येक दाताची उभी बाजू उत्तरेकडे आणि तिला काच. उत्तरेकडून थेट ऊन फारसं येत नाही, दिवसभर एकसारखा, सावली न पाडणारा उजेड येतो. धागा तुटला किंवा रंग चुकला तर विणकराला लगेच दिसावं म्हणून ही रचना. खाली ओतीव लोखंडाचे बारीक खांब आणि लांबच लांब मोकळी जागा.

अशा शेडला काय शोभेल? प्रदर्शन, बाजार, हातमाग आणि वॉल हँगिंगचं प्रशिक्षण केंद्र, कारागिरांच्या कार्यशाळा, खेळाचं सभागृह. जिथे उजेड आणि मोकळेपणा लागतो ते सगळं. तिथे प्लायवूडच्या भिंती घालून, खोटं छत लावून, एसी बसवून छोटी छोटी ऑफिसं केली तर ती काच आणि ती उंची दोन्ही वाया जातात. पॅरिसमधलं रेल्वे स्टेशन १९८६ मध्ये संग्रहालय झालं आणि लंडनचं वीजघर २००० मध्ये कलादालन झालं, तेव्हा दोन्हीकडे मधली प्रचंड मोकळी जागा मोकळीच ठेवली. बाकी सगळं पाडून एकटी चिमणी शोभेला उभी ठेवतात, ते मला पटत नाही. चिमणी ही गिरणीची सही आहे, आणि सही ठेवून पत्र फाडल्यासारखं ते होतं. त्या गिरण्यांत मराठी, तेलुगू, कन्नड बोलणारी माणसं एकाच पाळीत उभी राहिली, त्यातून हे शहर घडलं. हे सांगायला शेड हवी, साचा म्हणजे माग हवा, पाण्याची टाकी हवी, कामगारांचा दरवाजाही हवा.

वाड्यासारख्या लहान वास्तूत प्रश्न वेगळे येतात. आमच्या घराच्या माडीवर अभ्यासिका करू या, पेठेतल्या मुलांची सोय होईल, असं आत्याच्या मनात आलं. कल्पना सुंदर आहे. पण राहत्या खोलीचा मजला दर चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरून बांधतात, आणि पुस्तकांच्या कपाटांची खोली ६०० किंवा त्याहून जास्त मागते. मग उत्तर असं निघालं की पुस्तकं खाली सोप्यात, दगडी फरशीवर. वर फक्त बसायला बाकं. संडास-मोरी लाकडी मजल्यावर कधीच न्यायची नाही. मागच्या बोळात भिंतीला न चिकटणारी छोटी नवी खोली बांधायची आणि ती नवी आहे हे दिसू द्यायचं. जुन्यासारखी नक्कल करायची नाही. वायरिंगसाठी खांबांना खाचा पाडायच्या नाहीत, वरून नळी टाकायची. उद्या कोणाला अभ्यासिका काढून पुन्हा घर करावंसं वाटलं, तर स्क्रू सोडवून सगळं बाजूला करता आलं पाहिजे. आपण या घराचे शेवटचे रहिवासी नाही, ही खात्री बाळगून केलेला बदल चांगला असतो.

कायद्याबद्दल थोडक्यात. भुईकोट किल्ल्यासारखी वास्तू भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली येते. १९५८ च्या कायद्यात २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार अशा स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही, आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी घेऊनच करता येतं. जुन्या घराची दुरुस्ती पहिल्या १०० मीटरमध्येही करता येते, पण परवानगीनं. हे माहीत नसल्यामुळे किल्ल्याजवळचे काही घरमालक दुरुस्तीच करत नाहीत आणि घर पडू देतात. शहरातल्या इतर जुन्या वास्तूंसाठी वारसा यादी आणि श्रेणी असतात. राष्ट्रीय मोलाच्या पहिल्या श्रेणीत जवळपास काहीच बदलता येत नाही, दुसऱ्या आणि तिसऱ्या श्रेणीत आतून बदलाला मोकळीक वाढत जाते.

मालकाचं नुकसान कसं भरून निघावं, यासाठी टीडीआरची सोय आहे. तुमच्या जागेवर चार मजले बांधायचा हक्क असेल आणि वारसा वास्तू म्हणून तुम्हाला दोनवरच थांबावं लागलं, तर उरलेला हक्क प्रमाणपत्राच्या रूपात दुसऱ्या जागेसाठी विकता येतो. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीत ही तरतूद आहे. अर्थात, त्यासाठी वास्तू यादीत असावी लागते आणि यादीत नाव आलं की मालक घाबरतो, आता आपल्या घरावर आपला हक्क उरला नाही म्हणून. ही भीती दूर करायला पेठापेठांत बसून बोलणारी माणसं हवीत. एका वाड्याचे सात वारस, त्यातले दोन पुण्यात, एक हैदराबादेत, एकमेकांशी बोलत नसलेले; असे वाडे आपल्याकडे सगळ्यात जास्त पडतात, आणि त्यावर चुना किंवा टीडीआर यांतलं काहीच चालत नाही.

आत्याच्या माजघरातलं सगळं सिमेंट आम्ही छिन्नीनं हळूहळू काढलं. भिंत अख्खा एक उन्हाळा उघडी ठेवली. पाहुणे आले की आत्याला ते दृश्य आवडायचं नाही, ती समोर साडी टांगायची. मग चुन्याचे तीन थर, वर चुन्याचीच सफेदी. मिस्त्रींची पेन्सिलीची रेघ पुसू नका असं त्यांनी बजावलं होतं, म्हणून शेजारच्या लाकडी चौकटीवर तीच उंची आणि तीच तारीख खूण करून ठेवली आहे. तिच्याखाली आता आणखी तीन रेघा आहेत, दर दिवाळीला एक. पहिली चार बोटं खाली, दुसरी वीतभर. तिसरी पुन्हा गुडघ्याशी आली आहे.